व्याह्यांचे शेंगोळे

तमाम खवय्यांना, भांडी घासणाऱ्यांना आणि तंबू ठोकताना नुसतं उभं राहून सूचना देणाऱ्यांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येतं की, यंदाच्या हिवाळ्यात माकणीच्या धरणाकाठी एक अत्यंत गंभीर प्रकार घडला. त्याला चार पुरुष, एक डेगची आणि एक घडीचा स्टोव्ह जबाबदार आहेत. चौघांतला एक मी. बाकीच्यांनी तोंड न उघडण्याचं ठरवल्यामुळे हे निवेदन मलाच करावं लागत आहे.

माझं वाशीत, म्हणजे उमरग्याच्या जिल्ह्यातल्या वाशीत, भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत बायका माझ्याशी जी घासाघीस करतात, तिच्यातून उरलेला जीव मी वर्षातून एकदा रानात नेऊन वाळवून आणतो. सोबतीला तिघं ठरलेले. एक मास्तर, ज्यांनी आयुष्यभर पोरांचे मार्क कापले आणि आता निवृत्तीनंतर जगाचे कापतात. दुसरे गुरांचे डॉक्टर. ते जेवताना बोलत नाहीत, आणि एरवी बोलतात असंही नाही. तिसरा माझा मावसभाऊ, ज्याचं माकणीला धरणाच्या पाण्याला लागून शेत आहे. वाशीहून माकणी म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसरं टोक, पण पोटात भूक तयार व्हायला तेवढा रस्ता लागतोच.

आमच्याकडे तंबू दोन आहेत. तंबूच्या खुंट्या आम्ही जवळजवळ दरवर्षी विसरतो आणि मग मावसभावाच्या गोठ्यातून गुरांच्या खुंट्या उपटून आणतो. तवा मात्र आजवर एकदाही विसरलेला नाही. यावरून आमच्या सहलीचा हेतू कुणाच्याही ध्यानात यावा.

सामान एका पोत्यात असतं. बिडाचा तवा, लाकडाची काठवट, खलबत्ता, दोन पळ्या, सांडशी आणि पंधरा माणसांचं कालवण मावेल एवढी अॅल्युमिनियमची डेगची. डेगची बाहेरून डांबरासारखी काळी आणि आतून चांदीसारखी. एका बाजूला पोचा आहे, तो एका वर्षी जीपमधून खाली पडली तेव्हाचा. दुकानात दिवसभर चकाकणारी भांडी विकणारा माणूस मी, पण ही डेगची मला कुणी हंडाभर पितळ देऊन मागितली तरी देणार नाही. तिच्यात शिजलेलं काहीही वाया गेलेलं मी पाहिलं नव्हतं. हे मी मागच्या हिवाळ्यापर्यंतचं सांगतोय.

यंदा पाचवा माणूस आला. आमचे व्याही.

माझ्या मुलीचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला. मुलगा उमरग्याकडचा, घर मोठ्या जमिनीचं. लग्न उन्हाळ्यात ठरलेलं. आणि डिसेंबरात एके दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं पाऊसपाणी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं की, तुम्ही दरसाल तंबू घेऊन जाता म्हणे, त्यात एक माणूस मावतो का. मी हो म्हणालो. मुलीचा बाप आहे मी. त्या दिवसांत त्यांनी मला विहिरीत उडी मारता का विचारलं असतं तर पाणी किती खोल एवढंच मी विचारलं असतं.

आमच्या घरात त्या रात्री अंथरुणावर बसून जी बैठक झाली तिचा ठराव एका ओळीचा होता आणि तो माझ्या बायकोने एकमताने मंजूर केला. व्याह्यांना काडी उचलू द्यायची नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचा. "तुमच्या त्या टोळीत कुणी त्यांना भांडी घासायला बसवलं," ती म्हणाली, "तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल, ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं, आणि मास्तर, डॉक्टर, मावसभाऊ या तिघांच्याही ध्यानात ठेवून दिलं.

ठरल्या दिवशी दुपारी व्याही माकणीला हजर झाले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, भरदार मिशी, आणि पाठीवर केशरी रंगाची एवढी मोठी पिशवी की, मागून पाहिलं तर पिशवीच चालत येते आहे असं वाटावं. आम्ही धावत गेलो. त्यांनी पिशवी कुणाला दिली नाही. झाडाखाली बसून त्यांनी ती स्वतः उघडली आणि एकेक वस्तू चादरीवर अशी मांडली, जशी माझ्या दुकानात रुखवत मांडतात.

पातेल्यातून डबा निघाला. त्या डब्यातून आणखी एक डबा निघाला. त्यातून वाटी, वाटीतून मूठ, मुठीतून चमचा. चमच्याच्या टोकाला दात होते, म्हणजे तो काटाही होता, आणि एका कडेला करवत होती, म्हणजे सुरीही होती. मग निघाला स्टोव्ह. तळहाताएवढा. त्याचे तीन पाय त्यांनी बेडकाचे पाय ओढावेत तसे ओढून उभे केले आणि खाली फवाऱ्याच्या डब्यासारखी गॅसची लहानशी टाकी फिरवून बसवली. हे सगळं त्यांनी फोनवरून मागवलं होतं आणि घरी माळ्यावर लपवून ठेवलं होतं.

मी धंद्याने भांडीवाला. त्या पातेल्याकडे बघून मला जे वाटलं ते मी गिळलं. आमच्याकडे त्याला भातुकली म्हणतात. मावसभावाने ते पातेलं उचलून आत डोकावून पाहिलं आणि खाली ठेवलं. मास्तर काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा पाय दाबला.

मग आम्ही व्याह्यांचीच घडीची खुर्ची उलगडून त्यांना तीत बसवलं. मूर्ती बसवावी तसं. उन्हात नको म्हणून खुर्ची सावलीत सरकवली, धूर येतो म्हणून पुन्हा सरकवली, आणि त्या संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही त्यांच्यापासून वीस हात लांब केला. मावसभावाने तीन दगड मांडून तुराट्यांचा जाळ केला. डॉक्टरांनी वांगी निखाऱ्यात पुरली. मी येसराची आमटी केली. येसर म्हणजे धान्यं आणि गरम मसाले भाजून दळलेली पूड, ती आमच्याकडे प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक घराला वाटतं की खरी आपलीच. मास्तरांनी तव्यावर मिरच्या आणि लसूण तांब्याच्या बुडाने रगडून असा ठेचा केला की, पाण्यावरचे बगळे उठून पलीकडच्या काठाला गेले. बाजरीच्या भाकरी, भरीत, आमटी, ठेचा, बुक्की मारून फोडलेला कांदा. व्याह्यांचं ताट आम्ही खुर्चीपाशी नेलं. ते उठायला लागले की चौघंही "बसा, बसा" म्हणत उठायचो.

ते सगळं जेवले, सगळ्याला छान म्हणाले, पण त्यांचा चेहरा लग्नात मागच्या पंगतीला बसवलेल्या माणसासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याकाठी तोंड धुताना त्यांनी मला गाठलं. बाकीचे चहा पीत होते. व्याही खांद्यावर टॉवेल टाकून माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि पाण्याकडे बघत बोलायला लागले. त्यांचं म्हणणं असं, की त्यांना तीन सुना होतील, दोन आहेत, एक आमची येणार. घरात चार चुली पेटतील एवढं माणूस. आणि साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एकदाही कुणाला स्वतःच्या हातचं काही खाऊ घातलेलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की सुना म्हणायच्या, "मामा, तुम्ही बसा." दोन वर्षं झाली, रात्री कानाला वायर लावून ते फोनवर स्वयंपाक बघतात. एकदा सगळ्या बायका लग्नाला गेल्या होत्या तेव्हा त्यांनी चहा केला. पोरांना दिला, पाहुण्यांना दिला. सगळे म्हणाले, एक नंबर. संध्याकाळी परसात गेले तर कढीपत्त्याच्या आळ्यात पाच कप चहा ओतलेला.

"त्यो कढीपत्ता वाळला," ते म्हणाले.

मी तोंडावर आणखी पाणी मारलं. मला हसू येत होतं आणि त्यांना येत नव्हतं.

"व्याही, आज दुपारचं मला करू द्या. शेंगोळे करतो. कुणी हात लावायचा न्हाय, आन् मानापायी कुणी गोड बोलायचं न्हाय. आवो, मानापायी न्हाय, भुकेपायी खाल्लं पायजे कुणीतरी. एकानं खाल्लं तरी बस झालं."

साठ वर्षांचा, पांढऱ्या टोपीचा, शंभर एकरांचा माणूस माझ्याकडे हे मागत होता. बायकोचा ठराव मी तिथेच पाण्यात सोडला.

चहाला परत आलो तर डॉक्टर निघून गेलेले. जवळच्या वस्तीवरचा एक शेतकरी मोटारसायकल घेऊन आला होता, त्याची म्हैस अडली होती. डॉक्टर आले आहेत ही बातमी त्या भागातल्या म्हशींना कशी कळते हे मला आजवर समजलेलं नाही. मी मास्तरांना आणि मावसभावाला सगळं सांगितलं. दोघांनीही मान हलवली. हात लावायचा नाही. कबूल.

आता शेंगोळ्यांविषयी दोन शब्द, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यात आहे. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं. त्याच्या तळहातावर वळ्या करून त्यांना कडबोळ्यासारखा वेढा द्यायचा. फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक वेढा आत सोडायचा, आणि मग, हे महत्त्वाचं, त्याच्या वाटेला जायचं नाही. शिजून घट्ट होईपर्यंत पळी घालायची नाही. एवढी एक गोष्ट पाळली की शेंगोळे होतात.

व्याह्यांनी पीठ घरून मापून आणलं होतं. मळलं सुंदर. वळलं त्याहून सुंदर. त्या जाड बोटांतून असे सारखे वेढे पडत होते की मास्तरांनी सुद्धा चष्मा वर करून पाहिलं. काठवट भरली तेव्हा लक्षात आलं की, शेंगोळे पाच जणांचे आणि त्यांचं पातेलं दीड जणाचं.

"आमची डेगची घ्या की," मावसभाऊ म्हणाला.

ती त्यांनी घेतली. चूल मात्र घेतली नाही. स्टोव्ह आणलाय तर स्टोव्हवरच. तळहाताएवढ्या स्टोव्हवर आमची डेगची चढली तेव्हा कोंबडीच्या पिल्लावर हत्ती बसल्यासारखं दिसलं. पाण्यावरून वारा येत होता. निळी ज्योत एका बाजूला झुकायची, सावरायची, पुन्हा झुकायची. व्याह्यांनी खुर्ची आडवी करून आडोसा केला. फोडणी झाली, पाणी पडलं, आणि आम्ही वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने डेगचीच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे आले.

"आलं उकळायला," व्याही म्हणाले.

आलेलं नव्हतं. मला कळत होतं, मावसभावाला कळत होतं, मास्तर तर घड्याळ बघत होते. तीन शहाणी माणसं तिथे होती आणि तिघांनीही एका सुरात म्हटलं, आलं की. शेंगोळे एकेक करून त्या कोमट पाण्यात उतरले.

शेवटचा वेढा सोडून व्याही हात धुवायला पाण्यावर गेले. मावसभाऊ झटकन उठला. "खाली लागंल," म्हणाला आणि पळी घालून बुडापासून एकदा फिरवली. मानाचा माणूस राबतोय आणि आपण बसलोय, हे त्याला सोसवेना. तो बसतो न बसतो तोच व्याही आले, पाहिलं, समाधानाने झाकण ठेवलं आणि कोथिंबीर आणायला गाडीकडे गेले. गाडी बांधावर, लांब. मास्तर उठले. मी त्यांना आठवण करून दिली की हात लावायचा नाही. ते म्हणाले, हात कुठं लावलालो, पळी लावलालो. त्यांनी शिस्तीत डावीकडून उजवीकडे चार वेढे दिले.

आणि मग, वाचकहो, मी उठलो. का उठलो हे विचारू नका. माझ्या मुलीचं सासर त्या डेगचीत शिजत होतं. मी हलवलं, चांगलं हलवलं, कडेला चिकटलेलं सुद्धा खरवडून मध्ये ढकललं. तेव्हा पळीला काहीतरी जड लागायला हवं होतं. ते लागलं नाही.

पाऊण तासाने व्याह्यांनी झाकण उघडलं. वाफ गेली. आत एक सलग, तपकिरी, मऊ, शांत पदार्थ होता. वरून लसणाचा वास असा सुटला होता की मावसभावाच्या कुत्र्याने शेपटी हलवली. शेंगोळं मात्र एकही नव्हतं. व्याह्यांनी पळी घातली, खालून वर आणली, पुन्हा घातली. विहिरीत पडलेली घागर शोधावी तसं ते शोधत होते.

आम्ही तिघं अपराधी होतो. अपराधी माणूस काय करतो? आम्ही ताटं घेऊन बसलो आणि कौतुकाला सुरुवात केली. मावसभावाने भाकरी मोडून पहिला घास घेतला आणि शेंगोळे कसे जमून आलेत म्हणाला. मी म्हणालो, वळण किती सुबक पडलंय. मास्तरांनी आयुष्यात कुणाला जास्तीचा अर्धा मार्क दिलेला नाही. त्यांच्याकडे मी असं पाहिलं की, त्यांनी डोळे मिटून सांगितलं, शेंगोळं असं एकेक सुटं पायजे. आणि ताटातून ते सुटं शेंगोळं बोटाने चाटून घेतलं. खरं म्हणजे चव चांगली होती. पण घशाखाली ती उतरतच नव्हती, कारण घशात खोटं अडकलेलं होतं. तिघांनीही दोन घासांवर हात आखडला.

व्याही आमच्यासमोर पळी घेऊन उभे होते. त्यांनी तिघांची ताटं पाहिली. मग डेगची पाहिली. मग ते हळूच खाली बसले, खुर्चीत नाही, मातीत.

"हितं कढीपत्ता न्हाय," ते म्हणाले. "न्हायतर वतलं असतं की न्हाय?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कबूल करावं तर पळीचं सांगावं लागणार, म्हणजे तुमचा पहिला स्वयंपाक आम्ही बिघडवला हे सांगावं लागणार. न करावं तर हा माणूस उमरग्याला परत जाऊन त्या खुर्चीत बसणार आणि पुन्हा कधी उठणार नाही. मी ताटातली भाकरी उगाच मोडत राहिलो.

तेवढ्यात बांधावरून मोटारसायकलचा आवाज आला. डॉक्टर. कोपरापर्यंत बाह्या वर, सदऱ्याला चिखल. म्हैस सुटली होती, रेडी झाली होती, आणि सकाळच्या अर्ध्या कप चहावर डॉक्टरांनी सात तास काढले होते. शेंगोळ्यांचं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. कुणी केलं, काय केलं, कुणाचा मान कशात अडकलाय, काही नाही. ते आले, हात धुतले, मातीत मांडी ठोकली आणि पोत्यावरचं मोकळं ताट ओढलं. व्याह्यांनी एक पळी वाढली. मावसभावाने भाकरी टाकली.

मी डॉक्टरांना डोळ्याने खुणावत होतो. मास्तर खोकत होते. मावसभावाने तर त्यांच्या पाठीमागे उभं राहून ओठांवर बोट ठेवलं, जे डॉक्टरांना दिसणं शक्यच नव्हतं. डॉक्टर खात होते. मान खाली. पहिली भाकरी गेली. दुसरी गेली. ताटाच्या कडेला लागलेलं त्यांनी भाकरीच्या तुकड्याने गोल फिरवून टिपलं. चौघं माणसं आणि एक कुत्रं त्या तुकड्याकडे बघत होतो. व्याही तर पुढे झुकून बघत होते, पळी गुडघ्यावर तशीच.

डॉक्टरांनी ताट पुढे केलं. वर पाहिलं सुद्धा नाही.

"पाव्हणं, पिठलं वाढा की अजून, लई दिसांनी असं पिठलं खाल्लं."